दोन ओळींतलं गाव

जिल्हा जनगणना पुस्तिकेचे दोन भाग असतात. 'अ' भागात गाव निर्देशिका येते: शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी, टपाल, बस, रस्ता. 'ब' भागात प्राथमिक जनगणना गोषवारा: घरं किती, माणसं किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, साक्षर किती, कामाला जाणारे किती. प्रत्येक गावाला दोन्ही भागांत एकेक ओळ मिळते. २०११ मध्ये गावागावाला सहा आकडी स्थान क्रमांक दिला गेला, त्यामुळे या दोन ओळी शेजारी आणून ठेवणं मुळीच कठीण नाही. तरीही लोकसंख्येचा अभ्यास करणारे 'ब' भागाशी थांबतात आणि रस्त्यांचा हिशेब मांडणारे 'अ' भागाशी. छोट्या गावाच्या बाबतीत हे चालत नाही. तिथे माणसं किती टिकली हे गाडी किती वाजता येते यावर ठरतं, आणि गाडी येणार की नाही हे कागदावर माणसं किती भरली यावर.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या घरात होती. त्यातले ६ कोटी १६ लाख लोक ग्रामीण भागात मोजले गेले. वस्ती असलेली गावं चाळीस हजारांहून अधिक, म्हणजे सरासरी गाव दीड हजार माणसांचं. पण ही सरासरी मोठ्या गावांनी वर ओढलेली आहे. कृष्णाकाठची, पंचगंगेकाठची आठ-दहा हजार वस्तीची गावं एका बाजूला आणि सह्याद्रीच्या उतारावरची दोनशे-तीनशे माणसांची गावं दुसऱ्या बाजूला. निम्म्याहून जास्त गावं सरासरीच्या खालीच आहेत, आणि या लेखाचा विषय तीच आहेत.

अशा गावाला लोकसंख्येचा आकडा ओळखपत्रासारखा वापरावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सपाटीवर ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येचा निकष आहे. उपकेंद्रासाठी अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजार. सातशे माणसांच्या गावाला यातलं काहीच स्वतःच्या नावावर मिळत नाही, ते कायम दुसऱ्या गावाच्या केंद्राला जोडलेलं असतं. ग्रामपंचायतही कित्येकदा दोन-तीन गावांची मिळून, म्हणजे गटग्रामपंचायत. वित्त आयोगाचा निधी गावापर्यंत येताना त्याच्या वाटपात सर्वांत मोठा वाटा लोकसंख्येचा. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत तर उंबरठाच आखलेला होता: सपाटीवर ५०० माणसांची वस्ती, डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागात २५० ची. ४९० माणसांच्या वस्तीला रांगेत मागे उभं राहावं लागलं. म्हणून आकडा नेमका कधी घेतला आणि कुणाला धरून घेतला, हे आधी पाहायला हवं.

गेली मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली आणि संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र होता. नियम असा, की या तीन आठवड्यांत माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा. जो सबंध काळ गावाबाहेर असेल तो गावच्या यादीत येत नाही, जिथे असेल तिथल्या यादीत जातो. देशभराचा हिशेब जुळवायला हा नियम योग्यच आहे, दुबार मोजणी त्यानेच टळते. पण फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातलं, पाथर्डीकडचं किंवा जतच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव कसं असतं? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाने उचल दिलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर राहतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. शंभर कोयते गेले की दोनशे कामकरी माणसं गेली, वर लहान मुलं. मागे म्हातारी माणसं उरतात आणि आजीच्या भरवशावर ठेवलेली शाळेतली पोरं. नियमाप्रमाणे गेलेल्यांची नोंद कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांमध्ये व्हायची. ती किती नेटाने झाली हा मुद्दा थोडा वेळ बाजूला ठेवू. चोख झाली असं धरलं तरी परिणाम एकच: गावचा आकडा खाली येतो आणि वर्षातले सहा-सात महिने गावात राहणाऱ्या माणसांसाठीचा निधी, रस्ता आणि बस त्या खालच्या आकड्यावर बेतली जाते.

कोकणात कारण वेगळं आहे, परिणाम तोच. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. याच दशकात राज्याची ग्रामीण लोकसंख्या दहा टक्क्यांनी वाढली होती. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, तेव्हा राज्याचं प्रमाण ९२९ होतं. हा आकडा पाहून कोकणात मुलींचं भाग्य उजळलं असं लिहिणारेही भेटले आहेत. खरं तर तो मुंबईला गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी दाखवतो. आणि मोजणी केव्हा झाली? शिमग्याच्या आधी. २०११ मध्ये होळी १९ मार्चला होती. चाकरमानी पालखीसाठी गावी यायला लागले तेव्हा प्रगणक याद्या मिटवून परतले होते. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात हेच गाव दुप्पट-तिप्पट होतं. कुलूपबंद घरं उघडतात, विहिरीवर गर्दी होते, गावाकडचा चिंचोळा रस्ता गाड्यांनी तुंबतो. गणपतीसाठी एसटी दरवर्षी मुंबई परिसरातून हजारो जादा गाड्या सोडते, म्हणजे कोकणच्या या भरतीचा हिशेब एसटीच्या वेळापत्रकात आहे. जनगणनेच्या कोष्टकात तो सापडत नाही.

आता दुसरी ओळ. गाव निर्देशिकेत वाहतुकीचे रकाने वाचले तर काम फार तपशिलात केलंय असं वाटतं. सार्वजनिक बस, खासगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, टॅक्सी, व्हॅन, ट्रॅक्टर, बैलगाडी. मग राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, पक्का रस्ता, कच्चा रस्ता, खडीचा रस्ता, जलमार्ग, पायवाट. सोय गावात असेल तर 'आहे'. नसेल तर जवळची सोय किती लांब: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे. त्यासाठी अ, ब, क अशी अक्षरं.

हे रकाने मी पुनःपुन्हा वाचतो आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडतो. यात घड्याळ नाही. दिवसातून सहा फेऱ्या होणाऱ्या गावापुढे 'आहे' लिहिलं जातं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एकच गाडी येणाऱ्या गावापुढेही 'आहे'च. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की फरशी पुलाच्या अलीकडून परत फिरणारी गाडीही 'आहे'. दुसरी अडचण गाव या एककाची. महसुली गाव एक असलं तरी त्याच्या पोटात वाड्या, पाडे, तांडे, वस्त्या असतात. गाडी गावठाणात मारुतीच्या देवळापाशी वळते. तिथून धनगरवाडा तीन किलोमीटर डोंगरात असतो, पण कागदावर त्याच्याही दारात बस असते. ग्राम सडक योजनेने महसुली गाव सोडून वस्ती हे एकक धरलं, ही त्या योजनेची मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरहून दूर असलेली वस्ती, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरहून दूर असलेली वस्ती, ती न जोडलेली. जनगणनेच्या निर्देशिकेत इतका बारकावा अजून आलेला नाही.

महाराष्ट्रात खेड्याच्या वाहतुकीचा इतिहास म्हणजे बव्हंशी एसटीचा इतिहास. १ जून १९४८ ला अहमदनगर ते पुणे पहिली गाडी धावली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तालुक्याच्या डेपोतून फाट्यापर्यंत, फाट्यापासून गावात असं जाळं विणत गेलं. त्यात मुक्कामी गाडीची कल्पना मला आजही विलक्षण वाटते. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात येते आणि तिथेच थांबते. चालक-वाहक जेवण उरकून ग्रामपंचायतीच्या खोलीत, शाळेच्या ओसरीवर किंवा गाडीतच झोपतात. पहाटे पाच-साडेपाचला इंजिन सुरू झालं की अर्ध्या गावाला जाग येते. दुधाच्या कॅन, भाजीच्या पाट्या, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी गरोदर बाई, आयटीआयची मुलं. जिथे मुक्कामी गाडी आहे तिथला माणूस सकाळी तालुक्याला जाऊन काम करून संध्याकाळी घरी येऊ शकतो. जिथे पहिली गाडी दहाला येते आणि चारला परत जाते तिथे नोकरी करायची तर तालुक्याला खोली घ्यावी लागते, आणि खोली घेतली की दोन-चार वर्षांत बायकामुलंही मागोमाग जातात. दोन्ही गावं निर्देशिकेत सारखीच दिसतात.

मुक्कामी गाड्या पुढे कमी होत गेल्या. का? याचं उत्तर भारमानात, म्हणजे गाडीतल्या किती टक्के जागा भरतात त्यात, आहे. राज्याच्या लोकसंख्येत २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होतं. ६०० माणसांच्या गावात ही मुलं सत्तरेक, म्हणजे वयाच्या एका वर्षाला दहा. गावात शाळा चौथीपर्यंत असेल तर पाचवी ते दहावीची साठ मुलं रोज बाहेर जायला हवीत. एसटीच्या साध्या गाडीत आसनं चाळीस-पंचेचाळीस. सकाळी ही गाडी खच्चून भरते. पण गाडी गावात मुलांना आणायला रिकामी येते, शाळेत सोडून पुढे रिकामी जाते, संध्याकाळी उलटं. जाता-येता सरासरी काढली की भारमान निम्म्यावर येतं. त्यातले बहुतेक प्रवासी सवलतीच्या पासवर. विद्यार्थ्याला मासिक पासमध्ये दोन तृतीयांश सवलत आहे आणि ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पासच मोफत. सवलतीची भरपाई सरकारने द्यायची असते, तरी फेरीचं उत्पन्न पाहताना डेपोला ती फेरी तोट्याची दिसते. मे महिन्यात शाळा बंद म्हणून फेरी थांबते, जूनमध्ये ती सुरू करा म्हणून सरपंच आणि मुख्याध्यापक आगार व्यवस्थापकांकडे निवेदन घेऊन जातात. गावागावांतून दर जूनमध्ये हे घडतं, आणि ज्या वर्षी निवेदन उशिरा जातं त्या वर्षी पाचवीतल्या मुली घरी बसतात.

मानव विकास कार्यक्रमाने २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र निळ्या गाड्या दिल्या, तिथे भारमानाचा हा फास बराच सैल झाला. तो निर्णय इतर तालुक्यांना का लागू होऊ नये, याचं पटेल असं कारण मला आजवर वाचायला मिळालेलं नाही.

करोना आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला कर्मचाऱ्यांचा संप यांनी छोट्या गावांच्या फेऱ्यांवर मोठा घाव घातला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागचं दुःख खरं होतं, पगार खरोखर तुटपुंजे होते. पण संप मिटल्यावर मोठ्या मार्गांवरच्या गाड्या आधी परतल्या आणि गावात वळणाऱ्या फेऱ्या शेवटी. पूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला गाड्यांचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी झाल्या की कोणत्या फेऱ्या आधी कापायच्या हे भारमान सांगतं, आणि भारमानात छोटं गाव नेहमी तळाशी. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत अर्धं तिकीट झालं. बायकांना प्रवासाची किती गरज होती ते त्यानंतरच्या गर्दीने दाखवून दिलं. बाजाराला, माहेरी, दवाखान्यात, बचत गटाच्या कामाला बँकेत. पण ही सवलत गाडीच्या पायरीपासून सुरू होते. ज्या गावात गाडीच येत नाही तिथल्या बाईच्या हाती त्यातलं काही पडत नाही.

एसटीची जागा कशाने भरली? सातारा-सांगलीकडे वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी, बाकी ठिकाणी सहा आसनी, मॅजिक. वर्तमानपत्रांत याला 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हणतात. परवान्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण या गाड्या नसत्या तर राज्यातली शेकडो गावं सकाळी अकरानंतर अडकून पडली असती. त्यांचा दोष वेगळा आहे: सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि रात्री-अपरात्री ती मिळाली तर 'स्पेशल'च्या भाड्याने. याखेरीज दुचाकी आली. कर्जाच्या हप्त्यांनी घराघरांत पोचलेल्या दुचाकीने पुरुषांचं घड्याळ मोकळं केलं. बायका, म्हातारी माणसं, शाळकरी मुलं यांचं नाही केलं. उलट पुरुष प्रवासी गळाल्यामुळे बसचं भारमान आणखी घसरलं आणि राहिलेल्यांचीच फेरी बंद झाली. कुटुंबातल्या एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते, ही गोष्ट घरटी वाहनांच्या आकडेवारीत दिसत नाही.

रस्ता आला की गाव बदलतं का, यावर आता चांगलं संशोधन झालं आहे. सॅम आशेर आणि पॉल नोव्होसाद या अर्थतज्ज्ञांनी ५०० चा उंबरठाच तपासाला घेतला. उंबरठ्याच्या किंचित वर असल्याने रस्ता मिळालेली आणि किंचित खाली राहिल्याने न मिळालेली गावं त्यांनी शेजारी ठेवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की रस्त्यामुळे माणसं शेती सोडून बाहेरच्या कामाकडे वळली, वाहनांची ये-जा वाढली, पण शेतीचं उत्पन्न, घरची मिळकत, मालमत्ता यांत म्हणावा असा फरक पडला नाही. त्यांनी अंजली अदुकिया यांच्यासोबत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात रस्ता झालेल्या गावांत सहावी ते आठवीच्या वर्गातली पटसंख्या वाढलेली आढळली. शिल्पा अगरवाल यांच्या अभ्यासात मात्र लहान मुलं शाळेत जास्त येतात, पण पंधरा-सोळा वर्षांची मुलं शाळा सोडून कामाला लागतात असं दिसलं. मला हे निष्कर्ष एकमेकांच्या विरोधातले वाटत नाहीत. डांबर गावाला बाहेरच्या जगाशी जोडतं. मग बाहेर शाळा जवळ असेल तर मुलं शाळेत जातात, वीटभट्टी जवळ असेल तर भट्टीवर. बिहारमधल्या शाळकरी मुलींच्या सायकल योजनेवर कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केलेलं कामही याच जातीचं. रस्ता तोच, पण मुलीच्या हातात स्वतःचं वाहन आल्यावर माध्यमिक शाळेतल्या मुलींचं नाव नोंदवण्याचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं.

आपल्याकडे अशा पाहणीची परंपरा जुनी आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि पाठोपाठ ना. वि. कानिटकर यांच्याबरोबर जातेगाव बुद्रुकची. पिंपळे सौदागरात १७७१ मध्ये ४० एकरांची असलेली सरासरी जमीनधारणा १९१४-१५ मध्ये सात एकरांवर आल्याचं त्यांनी दाखवलं. दोन गावांतला फरक शहराच्या अंतराचा होता, आणि शहर जवळ असलं की जमीन तुटपुंजी असूनही गाव तग कसं धरतं हे त्या दोन पाहण्या शेजारी ठेवल्यावर दिसतं. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात आहे.

टोकाची उदाहरणंही या आढाव्यात यायला हवीत. गडचिरोलीतल्या गर्देवाड्याला १ जानेवारी २०२५ ला पहिल्यांदा एसटी पोचली. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना धरण झाल्यावर जमिनीची वाट तुटली आणि बामणोली-तापोळ्याहून लाँच हीच त्यांची बस झाली. निर्देशिकेतला जलमार्गाचा रकाना अशा मोजक्या गावांसाठी आहे. रुग्णाला पाण्यावरून नेताना वारा सुटला तर थांबावं लागतं. अंतराच्या अ, ब, क मध्ये ते मावत नाही.

जनगणनेने कामाच्या ठिकाणी कसं जाता, किती लांब जाता, हा प्रश्न २०११ मध्ये विचारला होता. पण फक्त 'इतर कामगारांना'. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातली माणसं वगळून. म्हणजे छोट्या गावातल्या बहुसंख्यांना हा प्रश्न विचारलाच गेला नाही. पहाटे पिकअपमध्ये दाटीवाटीने उभं राहून वीस किलोमीटरवर द्राक्षाच्या थिनिंगला किंवा कांदा लागवडीला जाणाऱ्या बायकांचा प्रवास त्यामुळे कुठल्याच कोष्टकात नाही. त्यांचे अपघात तेवढे बातमीत येतात.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे पुन्हा फडावर ऊसतोड सुरू असताना, आणि पुन्हा शिमग्याच्या आधी, कारण २०२७ मध्ये होळी मार्चच्या उत्तरार्धात येते. तारीख बदलणं शक्य नाही, देशभरासाठी ती एकच हवी. पण गाव निर्देशिकेत चार रकाने वाढवणं शक्य आहे: गावात पहिली गाडी किती वाजता, शेवटची परतीची गाडी किती वाजता, पावसाळ्यात किती महिने येते, सुटीत चालू राहते का. ग्रामपंचायतीकडे घरपट्टीची नोंदवही आहे, आशा सेविकेकडे घरोघरची यादी आहे. त्यावरून श्रावणात माणसं किती आणि माघात किती, ही नोंद ग्रामसभेसमोर ठेवणं अवघड काम नाही. वस्तीवार ठेवली तर आणखी उपयोगी.

घाई आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला: २५ हजार न जोडलेल्या वस्त्या, ६२,५०० किलोमीटर रस्ते, मुदत २०२८-२९ पर्यंत. सपाटीवरचा उंबरठा अजून ५०० चाच आहे आणि आधाराला धरलेली लोकसंख्या २०११ ची.